जोडीदाराचा अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज कागदांवर अडला, तर चूक कुठे शोधायची आणि कुठे दुरुस्त करायची

अमेरिकी नागरिकाच्या मराठी बायकोचा किंवा नवऱ्याचा एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज अडतो, तेव्हा चूक बहुतेक वेळा त्या अर्जात जन्मलेली नसते. ती कित्येक वर्षांपूर्वीच्या एखाद्या कागदावर असते. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा राहिलेला असतो, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं, किंवा ग्रीन कार्डावर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली असते. एन-४०० मध्ये तीच चूक पुन्हा उतरते, आणि तोवर ती पाच-सहा कागदांवर पसरलेली असते. म्हणून चूक दिसली की आधी ती पहिल्यांदा कोणत्या कागदावर आली हे शोधायचं. तो कागद तसाच ठेवून पुढचे सुधारले, तर पुढच्या नोटिशीत तीच चूक परत येते.

ही चूक कधीपर्यंत सुधारता येईल, हेही त्याच वेळी ठरवावं लागतं. राहून गेलेला प्रवास, नोकरीची चुकलेली तारीख, जुना पत्ता या गोष्टी मुलाखतीत अधिकारी तिथल्या तिथे बदलून घेतो. नागरिकाच्या जोडीदाराला अर्जासाठी लागणारी तीन वर्षांची मुदत चुकली असेल तर अर्ज भरल्यावर ती दुरुस्त होत नाही. आणि जन्मतारीख चुकीची ठेवून शपथ घेतली, तर नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर ती जवळपास कायमची बसते. लोक नेमके उलट वागतात. एखादी गोव्याची ट्रिप लिहायची राहिली म्हणून रात्र-रात्र झोपत नाहीत, आणि जन्मतारखेतला फरक ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतात.

आधी तक्ता करा

एका कोऱ्या कागदावर किंवा एक्सेलमध्ये सगळे कागद तारखेच्या क्रमाने लिहा: जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाआधीचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, लग्नानंतरचा पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, मागच्या तीन वर्षांची टॅक्स रिटर्न. प्रत्येकापुढे नाव, जन्मतारीख आणि लग्नाची तारीख कागदावर छापली आहे तशी, अक्षर न् अक्षर उतरवा. आठवणीतून लिहू नका. आपलंच नाव आपण कागदाकडे न बघता लिहितो, म्हणून चूक वर्षानुवर्षं दिसत नाही.

असाच दुसरा तक्ता नागरिक असलेल्या जोडीदाराचा करा. हा टप्पा सहसा राहून जातो. नवऱ्याच्या नॅचरलायझेशन प्रमाणपत्रावर मधलं नाव नसेल आणि लग्नाच्या दाखल्यावर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव असेल, तर ती एकच व्यक्ती आहे हे दाखवणारा कागद अर्जासोबत लागतो. त्याच्या जुन्या भारतीय पासपोर्टाची प्रत इथे कामी येते. प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायला काही जण घाबरतात, कारण त्यावर विनाअधिकार नक्कल करू नये असा इशारा छापलेला असतो. अर्जाला जोडण्यासाठी प्रत काढणं वैध आहे. हे अर्ज हाताळणारं सरकारी खातं, यूएससीआयएस, स्वतःच ती प्रत मागतं.

नाव: मधलं नाव, माहेरचं नाव आणि रिकामं आडनाव

अमेरिकी फॉर्मवर नावाचे तीन रकाने असतात, भारतीय पासपोर्टावर दोनच. महाराष्ट्रात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, आणि पासपोर्टात ते पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. समजा लग्नाआधीचा पासपोर्ट ‘सुनीता रमेश’ आणि आडनाव ‘पाटील’ असा आहे, लग्नानंतरचा ‘सुनीता महेश’ आणि ‘देशमुख’. ग्रीन कार्डावर ‘सुनीता महेश देशमुख’ आलं, सोशल सिक्युरिटी कार्ड ‘सुनीता देशमुख’ या नावाने निघालं, बँक खातं ‘सुनीता एम. देशमुख’. यांतला एकही कागद खरं तर चुकीचा नाही. मधलं नाव एका कार्डावर असणं आणि दुसऱ्यावर नसणं एवढ्यासाठी नवीन ग्रीन कार्ड मागवायची गरज नसते. एन-४०० मध्ये सध्याचं कायदेशीर नाव एकदा नीट लिहायचं आणि बाकीची सगळी रूपं ‘जन्मापासून वापरलेली इतर नावं’ या रकान्यात द्यायची.

त्या रकान्यात कंजुषी करू नका. माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव मधे असलेलं रूप, पहिल्या पासपोर्टातलं चुकलेलं स्पेलिंग, व्हिशावर ‘एफएनयू’ (पहिलं नाव अज्ञात) आलं असेल तर तेही लिहा. एफबीआयची तपासणी अर्जात दिलेल्या नावांवर होते. मुलाखतीत एखादं नवं नाव पुढे आलं, तर त्या नावाची तपासणी होईपर्यंत निर्णय थांबतो. नाव लपवलं होतं का, ही शंका येते ती वेगळीच.

‘कायदेशीर नाव’ म्हणजे ज्याला कागदाचा आधार आहे ते नाव. लग्नामुळे आडनाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला आणि नव्या नावाचा पासपोर्ट एकत्र जोडले की साखळी पूर्ण होते. लग्नात सासरी पहिलं नावही बदललं असेल, तर हा आधार पुरत नाही. नुसत्या लग्नाच्या दाखल्यावरून ‘मंगल’ची ‘मृणाल’ झाली हे सिद्ध होत नाही. अशा वेळी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची जाहिरात लागते. ती भाग दोनमध्ये छापली जाते आणि शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून तिची प्रत मिळते. जुनी असेल तरी शोधून काढा. तिच्याशिवाय दोन नावांमधला दुवा फक्त प्रतिज्ञापत्रावर टेकतो, आणि ते दुय्यम पुरावा म्हणून धरलं जातं.

पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिशावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं. हेच पुढे ग्रीन कार्डावर आणि लायसन्सवर उतरतं. याचं मूळ पासपोर्टात आहे, म्हणून भारतीय वाणिज्य दूतावासाकडे पासपोर्ट पुन्हा काढताना आडनाव वेगळं करून घ्या. मग त्या पासपोर्टाच्या आधारे एन-४०० मध्ये नाव नीट दोन भागांत लिहा. मूळ न सुधारता थेट सोशल सिक्युरिटी कार्यालयात गेलात, तर ते ग्रीन कार्डावर आहे तसंच नाव पुन्हा छापून देतील.

एन-४०० मध्येच नवीन नाव मागायचीही सोय आहे. पण ते नाव न्यायालयाकडून मंजूर होतं, त्यामुळे शपथही न्यायालयातल्या समारंभातच घ्यावी लागते. काही भागांत त्या तारखा उशिरा मिळतात. लग्नामुळे आधीच बदललेलं नाव कागदांनिशी सिद्ध होत असेल, तर हा रकाना भरायचं कारण नाही. तो भरला की साधा अर्ज विनाकारण न्यायालयाच्या रांगेत जातो.

ग्रीन कार्डावर खरोखरच चूक छापली असेल, म्हणजे आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख किंवा ‘रहिवासी केव्हापासून’ ही तारीख, तर आय-९० हा ग्रीन कार्ड बदलून घ्यायचा फॉर्म भरावा लागतो. कारणाच्या रकान्यात काय निवडता त्यावर शुल्क ठरतं. तुमच्या मूळ अर्जात बरोबर होतं आणि कार्डावर चुकलं, तर ती खात्याची चूक. तिला शुल्क नाही, पण मूळ कार्ड आणि बरोबर माहितीचा पुरावा पाठवावा लागतो. पाठवण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या स्वच्छ प्रती काढून ठेवा. चूक तुमच्याच अर्जात होती तर शुल्क भरायचं. इथे ‘खात्याची चूक’ असं लिहून शुल्क वाचवायचा मोह होतो. अर्ज परत येतो आणि वेळ जातो तो जातोच.

कार्डाची मुदत संपत आली एवढ्याच कारणासाठी मात्र आय-९० भरू नका. डिसेंबर २०२२ पासून एन-४०० ची पावती दहा वर्षांच्या ग्रीन कार्डाची वैधता २४ महिने वाढवते. पावती आणि जुनं कार्ड एकत्र ठेवायचं.

मराठी दाखल्यांचं भाषांतर

महाराष्ट्रातला लग्नाचा दाखला बहुतेकांकडे १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखालचा, नमुना ‘ई’ मधला असतो. तो फक्त मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. त्याखाली भाषांतरकाराने लिहून द्यायचं, की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करायला आपण सक्षम आहोत. नाव, सही, पत्ता, तारीख. नोटरी लागत नाही. अर्जदाराने किंवा जोडीदाराने स्वतः भाषांतर करण्यापेक्षा दोन्ही भाषा येणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेतलेलं बरं.

भाषांतरात चूक होते ती तीन जागी. शिक्के आणि समासातल्या नोंदी सोडून दिल्या जातात, त्याही भाषांतरात यायला हव्यात. हस्तलिखित नोंदीत १ आणि ९ सारखे दिसतात आणि ११ चे १९ होतात. आणि भाषांतरकार नावाचं स्पेलिंग आपल्या कानाने करतो. पासपोर्टात ‘वैशाली’च्या शेवटी दोन ‘ई’ असतील आणि भाषांतरात एक ‘आय’ आला, तर जी चूक नव्हती ती आपणच तयार केली. भाषांतरकाराला पासपोर्टाची प्रत द्या आणि स्पेलिंग तिच्यावरूनच घ्यायला सांगा.

जन्मतारीख

आपल्याकडे दिवस आधी, महिना नंतर. अमेरिकेत महिना आधी. ०५/०७ म्हणजे आपल्याला ५ जुलै, त्यांना ७ मे. दिवस १२ च्या पुढचा असेल तर चूक लगेच पकडली जाते, कारण तेरावा महिना नसतो. धोका १२ किंवा त्याआधीच्या दिवसांचा आहे. अर्जदाराची जन्मतारीख, जोडीदाराची जन्मतारीख, लग्नाची तारीख आणि प्रत्येक प्रवासाची तारीख या नजरेने पुन्हा वाचा. तक्त्यात महिना अक्षरात लिहायची सवय लावा. एवढ्या एका गोष्टीने बऱ्याच चुका बाहेर पडतात.

दुसरा प्रकार जास्त अवघड आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिली, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत खरी तारीख वेगळी. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला, व्हिसा पासपोर्टावर, ग्रीन कार्ड व्हिशावर. मग नागरिकत्वाच्या वेळी जन्मदाखला हाती येतो आणि वाटतं, आता तरी खरी तारीख लिहावी. एन-४०० मध्ये ती एकदम बदलू नका. अर्जातली तारीख ग्रीन कार्डाशी जुळली नाही, तर आधी खोटी माहिती दिली होती का, हा प्रश्न उभा राहतो. खरी तारीख लावून घ्यायची असेल तर क्रम असा: आधी भारतातली नोंद पक्की करा. तिच्यातच चूक असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाकडून दुरुस्ती होते. मग पासपोर्ट, मग आय-९०, आणि त्यानंतर एन-४००. हे काम इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. बाकीच्या बऱ्याच गोष्टी स्वतः निस्तरता येतात, ही नाही.

घाई यासाठी, की शपथ झाल्यावर दार बंद होतं. प्रमाणपत्र दुरुस्त करायचा एन-५६५ हा फॉर्म छपाईतली चूक सुधारतो. तुम्ही अर्जात जी तारीख लिहून शपथेवर खरी म्हणून सांगितलीत, ती नंतर ‘चुकीची होती’ म्हणून तो बदलत नाही.

जन्मदाखलाच नाही, या कारणाने एन-४०० अडत नाही. जोडीदाराच्या आधारावरच्या अर्जाला लग्नाचा दाखला, नागरिक जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, दोघांची आधीची लग्नं झाली असतील तर ती संपल्याचे कागद, टॅक्स आणि एकत्र राहण्याचे पुरावे लागतात.

लग्नाची तारीख आणि तीन वर्षांचं गणित

महाराष्ट्रात लग्न एका दिवशी लागतं आणि नोंदणी कधी कधी कित्येक महिन्यांनी होते. दाखल्यावर दोन्ही तारखा असतात. विधी करून झालेलं लग्न ज्या दिवशी लागलं तीच लग्नाची तारीख, नोंदणीचा दिवस नव्हे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली व्हिशासाठी आधी नोंदणी विवाह करून मांडवातलं लग्न नंतर झालं असेल, तर मात्र नोंदणीचा दिवस धरायचा. आधीच्या व्हिसा अर्जात, आय-७५१ मध्ये (दोन वर्षांच्या सशर्त ग्रीन कार्डावरची अट काढायचा अर्ज) आणि टॅक्समध्ये कोणती तारीख दिली आहे ते पाहा. वेगळी दिली असेल तर एक छोटं निवेदन जोडा: धार्मिक विधी या दिवशी, नोंदणी या दिवशी, दाखला सोबत. दोन ओळी पुरतात.

आता मुदत. सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. तीन वर्षांच्या नियमाला चार गोष्टी एकत्र लागतात. तीन वर्षं कायम रहिवासी असणं, तीन वर्षं नागरिक जोडीदाराबरोबर प्रत्यक्ष राहणं, जोडीदार त्या संपूर्ण तीन वर्षांत नागरिक असणं, आणि तीन वर्षांपैकी किमान १८ महिने, म्हणजे ५४८ दिवस, अमेरिकेत हजर असणं. शिवाय अर्ज भरण्याआधी तीन महिने त्या राज्यात राहिलेलं हवं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिशावर आलेल्या घरांमध्ये नवरा-बायकोला ग्रीन कार्ड एकाच दिवशी मिळतं. नवरा पाच वर्षांनी नागरिक होतो. बायकोला वाटतं, आता नवरा नागरिक आहे, मी तीन वर्षांच्या नियमात बसले. बसत नाही, कारण नवऱ्याच्या नागरिकत्वाला तीन वर्षं झालेली नाहीत. तिची स्वतःची पाच वर्षं त्याच दिवशी पूर्ण झालेली असतात, तिने पाच वर्षांच्या नियमाखालीच अर्ज करायचा. अर्जाच्या पहिल्या भागात एक चौकोन चुकीचा टिचकला की पात्र माणूस अपात्र ठरू शकतो.

ग्रीन कार्डाची तीन वर्षं पूर्ण होण्याआधी ९० दिवस अर्ज करता येतो. कार्डावर १० मार्च २०२३ असेल तर तीन वर्षं १० मार्च २०२६ ला होतात आणि सर्वांत लवकरचा दिवस येतो १० डिसेंबर २०२५. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर हे मोजून देणारं साधन आहे, ते वापरा आणि वर चार-पाच दिवस सोडा. एक दिवस जरी आधी भरला तर अर्ज नामंजूर होतो आणि शुल्क परत मिळत नाही. पण ही ९० दिवसांची सवलत फक्त ग्रीन कार्डाच्या मुदतीला आहे. एकत्र राहण्याची तीन वर्षं अर्ज भरण्याच्या दिवशी पूर्ण झालेली लागतात. लग्न भारतात झालं, नवरा अमेरिकेत परत गेला, बायको दोन वर्षांनी ग्रीन कार्डावर आली, अशा जोडप्याचं एकत्र राहणं ती आल्यापासून मोजलं जातं. त्यांना ती ९० दिवसांची सवलत प्रत्यक्षात उपयोगाची नाही.

दोन वर्षांचं कार्ड मिळालेल्यांनी मुदत पहिल्या कार्डावरच्या तारखेपासून मोजायची. अट काढल्याच्या दिवसापासून नाही.

नोकरीमुळे दोघं वेगळ्या शहरांत राहत असतील तर ते लपवू नका. नोकरीची अपरिहार्य गरज म्हणून वेगळं राहणं समजून घेतलं जातं, पण त्याचे कागद हवेत: कंपनीचं पत्र, दोन्ही घरांचे भाडेकरार, येण्या-जाण्याची तिकिटं.

अर्ज न उघडताच परत आला

कागदी अर्ज परत येण्याची कारणं साधी असतात. सही राहिली, शुल्काची रक्कम जुनी, फॉर्मची आवृत्ती जुनी, किंवा काही पानं एका आवृत्तीची आणि काही दुसऱ्या. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख छापलेली असते, सगळ्या पानांवर ती एकच आहे ना ते पाहा. एप्रिल २०२४ पासून शुल्क ऑनलाइन ७१० डॉलर आणि कागदावर ७६० डॉलर आहे. तरी पाठवण्याच्या दिवशी पुन्हा तपासा. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून चेक आणि मनी ऑर्डर सर्वसाधारणपणे चालत नाहीत. कार्डाने भरायचं तर जी-१४५०, बँक खात्यातून भरायचं तर जी-१६५० हा फॉर्म जोडावा लागतो. ऑनलाइन भरला तर यांतली बहुतेक भानगडच राहत नाही.

परत आलेल्या अर्जाला दाखल झाल्याची तारीख मिळत नाही. नामंजुरी वेगळी आणि परत येणं वेगळं. परत आला असेल तर दुरुस्त करून लगेच पाठवा, त्याचा पुढे डाग राहत नाही.

प्रवास, पत्ता, टॅक्स

२४ तासांपेक्षा जास्त काळाचा प्रत्येक परदेशप्रवास लिहायचा असतो. पासपोर्टावरचे शिक्के, विमान कंपन्यांचे ईमेल आणि सरकारच्या आय-९४ संकेतस्थळावरचा प्रवासाचा इतिहास हे तिन्ही शेजारी ठेवा. एकट्या इतिहासावर विसंबू नका, त्यात नोंदी गळलेल्या असू शकतात. निघाल्याचा आणि परत आल्याचा असे दोन्ही दिवस अमेरिकेत हजर धरले जातात, हे मोजताना लक्षात ठेवा. भारतातून रात्री निघून त्याच तारखेला पोहोचणाऱ्या विमानांमुळे एक दिवस इकडे-तिकडे होतो. तेवढ्याने काही बिघडत नाही. एखादा प्रवास सहा महिन्यांपेक्षा लांबला असेल तर मात्र सलग राहण्यात खंड पडला असं गृहीत धरलं जातं. आईवडिलांच्या आजारपणासाठी थांबला असाल तर दवाखान्याचे कागद, आणि त्या काळात अमेरिकेतलं घर, नोकरी, जोडीदार कायम होते याचे पुरावे अर्जासोबतच द्या. वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर असाल तर वकील गाठा.

घर बदललं की दहा दिवसांत यूएससीआयएसला पत्ता कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे तो इथे बदलला असं होत नाही, आणि मुलाखतीची नोटीस जुन्या घरी जाते.

टॅक्समध्ये अडतं ते नाव आणि वैवाहिक स्थिती या दोन ठिकाणी. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, सोशल सिक्युरिटी क्रमांकाबरोबर आडनावाची पहिली चार अक्षरं जुळवून पाहतं. कार्ड माहेरच्या आडनावाचं आणि रिटर्न सासरच्या, तर ई-फाइल परत येतं. आधी सोशल सिक्युरिटीत आडनाव बदला. वैवाहिक स्थितीचं जास्त गंभीर आहे. लग्न झालेलं असताना एखाद्या वर्षी ‘अविवाहित’ म्हणून रिटर्न भरलं असेल, तर त्याच वर्षी तुम्ही जोडीदाराबरोबर राहत होता या दाव्याशी ते टक्कर घेतं. १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून ते सुधारा आणि दुरुस्तीची प्रत अर्जाला जोडा. ‘विवाहित, वेगळं रिटर्न’ हे चालतं, फक्त ते का, याचं उत्तर तयार ठेवा. ग्रीन कार्ड असताना १०४०-एनआर हे अनिवासींचं रिटर्न भरलं असेल, तर आपण रहिवासी नाही असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. ते आधी हिशेबनिसाला दाखवा.

नोटिशीत चूक आली

पावतीवर नाव किंवा तारीख चुकली तर आधी तुमच्या भरलेल्या अर्जाची प्रत काढा. चूक तुमची नसेल तर यूएससीआयएसच्या ई-रिक्वेस्ट पानावर ‘टंकलेखनातील चूक’ हा पर्याय निवडून पावती क्रमांकासह कळवा. बोटांच्या ठशांच्या भेटीत तिथल्या कर्मचाऱ्यालाही सांगता येतं. तुमचीच चूक असेल तर ऑनलाइन खात्यात ‘न मागितलेला पुरावा’ या विभागात एका पानाचं निवेदन आणि कागद चढवा. अर्ज मागे घेऊन नवा भरायची गरज क्वचितच पडते.

आय-७५१ अजून प्रलंबित असेल तर तो मंजूर झाल्याशिवाय एन-४०० मंजूर होत नाही. दोन्ही फायली एकत्र याव्यात यासाठी एन-४०० सोबत आय-७५१ ची पावती जोडा. मुलाखतीला नागरिक जोडीदारालाही घेऊन जा, कारण दोन्हींची मुलाखत एकदम घेतली जाऊ शकते.

मुलाखतीत

अधिकारी अर्ज प्रश्नागणिक वाचतो आणि बदल नोंदवत जातो. शेवटी त्या बदलांसह तुमची सही घेतो. म्हणून माहीत असलेल्या दुरुस्त्यांची यादी छापून न्या आणि शपथ देऊन सुरुवात झाली की लगेच सांगा: अर्ज भरल्यानंतर हा प्रवास झाला, ही तारीख चुकली होती. विचारण्याआधी सांगितलेली चूक दुरुस्ती ठरते. विचारल्यावर अडखळत सांगितलेल्या चुकीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. सही करण्याआधी दुरुस्त झालेलं पुन्हा वाचा, विशेषतः नावाचं स्पेलिंग.

मुदत संपलेले जुने पासपोर्टही न्या. शेवटी हाती मिळणाऱ्या एन-६५२ कागदावर निकाल असतो. ‘निर्णय आज होऊ शकत नाही’ अशी खूण असेल तर अजून काय हवं ते नोटिशीत येतं. त्यावर छापलेल्या मुदतीत, मागितलं तेवढं सगळं एकदमच पाठवा. नामंजुरी आली आणि ती चूक वाटली, तर ३० दिवसांत एन-३३६ ने फेरसुनावणी मागता येते. पण मुदत भरली नव्हती या कारणाची नामंजुरी फेरसुनावणीने पालटत नाही. तिथे दिवस भरल्यावर नवा अर्जच करायचा.

शपथेच्या आधी घटस्फोट झाला, तर तीन वर्षांचा आधार संपतो. हे कळवावंच लागतं.

शपथेच्या दिवशी, आणि नंतर भारताच्या बाजूला

प्रमाणपत्र हातात आलं की जागेवरून उठण्याआधी वाचा: नाव, जन्मतारीख, उंची, वैवाहिक स्थिती, आधीचं नागरिकत्व, फोटो. चूक असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला लगेच दाखवा. घरी आल्यावर दिसली तर एन-५६५ आहे. छपाईची चूक असेल तर त्याला शुल्क नाही, पण मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं आणि तोवर पासपोर्टाचं काम अडून राहतं. म्हणून अमेरिकी पासपोर्टासाठी प्रमाणपत्र पाठवण्याआधीच हे तपासा. पासपोर्टही चुकीच्याच नावाने निघाला तर दोन कागद दुरुस्त करावे लागतात.

नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार अमेरिकी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टावर प्रवास करायचा नाही. तो रद्द करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यायचं, आणि ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) ते लागतं. इथे सुरुवातीचा तक्ता पुन्हा काढा. शेवटच्या भारतीय पासपोर्टावरचं नाव आणि अमेरिकी प्रमाणपत्रावरचं नाव वेगळं असेल, तर तोच दुवा इथेही मागतात: लग्नाचा दाखला, राजपत्र किंवा न्यायालयाचा नावबदलाचा आदेश. ओसीआय अर्जात नाव अमेरिकी पासपोर्टात आहे तसं, त्याच रकान्यांच्या विभागणीने लिहायचं. मधलं नाव अमेरिकी पासपोर्टात नसेल तर ओसीआयमध्ये हौसेने घालू नका. पुण्यातल्या फ्लॅटची कागदपत्रं, बँकेची खाती आणि पॅन जुन्या नावावर असतील, तर न्यायालयाच्या आदेशाच्या प्रमाणित प्रती एकाच वेळी चार-पाच काढून ठेवा. नंतर दर वेळी न्यायालयाकडे मागण्यापेक्षा ते सोपं पडतं.